झाकणातली नवरी

“हीच का ती?”

बायडाबाईंनी चपला काढल्या नाहीत, की ‘येऊ का’ म्हणून विचारलं नाही. दारात उभ्या राहिल्या, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हाताचं बोट थेट आनंदीबाईंच्या नाकावर रोखलेलं. आनंदीबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी परातीत ठेवली.

“कोन ती?”

“सात दिवस तोंडाला रंग ठिवून गोरी झाल्याली. रंगवाल्या सर्जेरावांची मंडळी तुमीच न्हवं?”

“मीच.”

बायडाबाईंनी त्यांना कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट न्याहाळलं. मग खिडकीतला उजेड आडवा येऊ नये म्हणून थोडं सरकून पुन्हा न्याहाळलं, मंडईत वांगं उलटंपालटं करून बघतात तसं.

“म्हंजी झालाच न्हाईत,” त्या म्हणाल्या.

सर्जेराव तेव्हा मोरीत स्पंज धूत होते. बिबवेवाडीतल्या त्या दोन खोल्यांत मोरीपासून दार सहा पावलांवर. एरवी घरी कुणी आलं की हा माणूस ओले हात पुसत ‘या या, तुमचंच नाव निघालं होतं’ म्हणून बाहेर यायचा, मग नाव निघालेलं असो वा नसो. आज त्यांनी नळ आणखी मोठा सोडला.

“नळ बंद करा,” आनंदीबाई आतल्या बाजूला न बघता म्हणाल्या. “तुमचं गिऱ्हाईक हाय.”

सर्जेराव बाहेर आले. सदुसष्ट वर्षांचा, उंच, काटकुळा गडी. रंगानं स्वतःही तव्याच्या जवळपास. हातात पिळलेला स्पंज तसाच.

“माझी नात तेजस्विनी,” बायडाबाई म्हणाल्या. “चौथीत हाय. ग्यादरिंगला तुमी तिला चांदनी केली. आठिवती का?”

“पोरी लई असत्यात, बाई...”

“चांदनी नंबर चार. डबल हात.”

सर्जेरावांना आठवली.

“तुमी तिला सांगितलं, सात दिवस पानी लावू नगं. आठव्या दिवशी खालनं गोरं कातडं निघतं. माझी बायकू अशीच गोरी झाली म्हनला. फोटू दावला.”

“कुठला फोटू?” आनंदीबाईंनी विचारलं.

“लग्नाचा. ह्यांच्या रंगाच्या ट्रंकेच्या झाकनात आतनं चिकटवलाय म्हनं.”

आनंदीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. लग्नाचा फोटो अठरा वर्षांपूर्वी भिंतीवरून नाहीसा झाला होता. वाळवीनं खाल्ला, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. शेजारचं कॅलेंडर जसंच्या तसं ठेवून वाळवीनं नेमका फोटोच कसा निवडला, याचं त्यांनी तेव्हा नवलही केलं होतं. आता त्यांनी मेथीची परात जराशी दूर सारली.

“सहा दिवस!” बायडाबाईंचा आवाज चढला. “रुमाल बांधून शाळंत गेली, सर्दी झालीय म्हनून सांगितलं. भिताडाला टेकून बसून झोपायची, का, तर उशीला रंग पुसला जाईल. तिचे आईबाप पहाटं कंपनीच्या बशीनं हिंजवडीला जात्यात ते पार दिवस बुडाल्यावर येत्यात. बघनारी मी एकली, आन् माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. सहाव्या दिवशी पोरीचं तोंड ह्ये येवढं सुजलं. एक डोळा मिटला. डॉक्टरनं समदा रंग पुसून काढला, मलम दिलं, तवा कुठं उतरलं.”

“आता बरी हाय ना?” सर्जेरावांनी विचारलं.

“तोंड बरं हाय. पन माझ्याशी बोलत न्हाय. म्हनती, आजी, एकच दिवस ऱ्हायला हुता.”

मोरीतला नळ नीट बंद झाला नव्हता, तेवढा ठिबकत होता.

“मी सांगितलं, ह्ये खोटं हाय. डॉक्टरनं सांगितलं. शाळंतल्या म्याडम घरी येऊन सांगून गेल्या. तिला पटंना. म्हनती, मी फोटू बघितलाय. फुडच्या वर्षी पुन्ना रंग लावनार, आन् ह्या खेपंला कुनाला हात लावू देनार न्हाय. शाळा बंद केलीया.” बायडाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “ज्यानं सांगितलं त्यानंच येऊन सांगावं. उद्या साडेनवाला. पोरीला मी उचलून आनते.”

जाताना त्या दारात थबकल्या आणि आनंदीबाईंना म्हणाल्या, “तुमास्नी काय म्हनले न्हाय बरं का मी.”

“न्हाय न्हाय,” आनंदीबाई म्हणाल्या. “तुमी तर निस्तं बघितलं.”

आता सर्जेराव मूळचे खोटारडे होते का, तर नव्हते. पण त्यांचा धंदाच असा, की खरं बोलून भागायचं नाही. शाळांची गॅदरिंगं. डिसेंबर-जानेवारीत आज बिबवेवाडी, उद्या खडकी, परवा आणखी कुठं. दोन तासांत दीडशे पोरं रंगवायची. त्यांत मोर, मावळे, भाज्या, फुलपाखरं आणि एखादा शेवटपर्यंत रडणारा ससा. एका तोंडाला मिळतं एक मिनिट, आणि त्या एका मिनिटात मूल हललं तर मोराची चोच कानापर्यंत जाते. तेव्हा सर्जेराव गोष्टी सांगत. मूल तोंड उघडं टाकून, डोळे मोठे करून पुतळ्यासारखं बसे, आणि स्पंज फिरून जाई.

गोष्टी तरी कसल्या! एका शाळेच्या नाटकात म्हणे खरा हत्ती आणला होता. सर्जेरावांनी त्याला पांढरा रंग देऊन असा काही ऐरावत केला, की प्रयोग संपल्यावर त्याचा माहूतच त्याला ओळखेना. बिचारा हत्तीच्या शेजारून तीनदा गेला आणि स्वारगेटपर्यंत ‘माझा हत्ती, माझा हत्ती’ करत रडत फिरला. ही गोष्ट ऐकून रांगेतली पोरं लोळायची. दुसरी गोष्ट चंद्राची. त्यांच्या डब्यातला गुलाबी-पांढरा रंग दुकानातला नव्हेच. पौर्णिमेला पर्वतीवर शिडी लावून, दुधाच्या पातेल्याची खरवड काढायच्या उलथन्यानं चंद्राची खरवड काढून आणलेला.

आणि तिसरी गोष्ट झाकणातल्या नवरीची. ती मात्र सगळ्यांना नसे. ती फक्त डबल हाताच्या पोरांना.

डबल हात म्हणजे काय, तर दीडशे पोरांना रंग एकाच डब्यातला. उजळ मुलाला स्पंजाचा एक हात पुरे. सावळ्याला दोन लागत. तसं मूल खुर्चीत बसलं की सर्जेराव पलीकडे केस बांधणाऱ्या इंद्रजीतला, आपल्या भाच्याला, हाळी देत, “डबल हात!” म्हणजे इंद्रजीत दुसरा स्पंज भिजवून ठेवी. गवंडी माल मागतो तसं ते होतं. त्यात वाईट काही आहे हे त्रेचाळीस वर्षांत त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं.

उलट त्या पोरांचं त्यांना जरा जास्तच वाटे. आपल्यासारखी पोरं. म्हणून झाकण उघडून हळूच दाखवायचे, “ही बघ माझी बायको. लग्नाच्या आदी हिला कावळे पाहुनी समजून बोलवायचे. म्या रंग लावला, सात दिवस पान्याचा थेंब न्हाय, आठव्या दिवशी सोलल्याल्या लसनावानी निघाली.” फोटोत कृष्णधवल सर्जेराव, आणि त्यांच्या शेजारी दुधासारखी पांढरी नवरी. पोरांचे डोळे चमकायचे. चंद्रावर कुणी फारसा विश्वास ठेवत नसे. फोटोवर ठेवत.

नाच संपला की खोबरेल तेलात बुडवलेला कापूस घेऊन ते पुन्हा रांग लावत आणि एकेकाचं तोंड पुसून देत. त्या दिवशी चांदणी नंबर चार रांगेतून निसटून, दोन्ही हात गालांपासून चार बोटं लांब धरून, दरवाजाकडे पळाली, हे त्यांनी पाहिलं होतं. चला, एक तोंड कमी झालं, असं त्यांच्या मनात आलं होतं.

मुख्याध्यापिका हेमाबाई जुन्या पुण्यातल्या. त्यांना रागावायला आवाज चढवावा लागत नसे.

“या. बसा,” त्या म्हणाल्या. “चंद्र खरवडलात म्हणे आपण. ते डाग दिसतात, ते आपल्याच हातचे का?”

“गंमत असती ती, बाई. पोरं बसावीत म्हनून.”

“बसली ना. एक तर दहा दिवस घरीच बसली.”

सर्जेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. खोलीत आणखी एक तरुण बाई होत्या, अपेक्षा मॅडम, मुलांशी बोलायला शाळेनं नेमलेल्या. शाळेत त्यांचा एक आठवडा चालला होता. ‘माझं शरीर, माझं घर’ असं बाहेर फळ्यावर लिहिलं होतं, आणि व्हरांड्यातल्या दोरीला मुलांनी रंगवलेले कागद लटकवले होते. ‘मला माझे पाय आवडतात कारण ते पळतात.’ ‘मला माझं पोट आवडतं कारण त्यात आंबा बसतो.’

“काका, एक विचारू?” अपेक्षा मॅडम म्हणाल्या. “डबल हात म्हणजे एक्झॅक्टली काय?”

धंद्यातलं कुणी विचारलं की सर्जेराव खुलत. त्यांनी स्पंज कसा धरायचा, पहिला हात कसा, दुसरा कसा, हे हवेत हात फिरवून दाखवलं. दाखवता दाखवता त्यांच्या लक्षात आलं, की दोघी बायका त्यांच्या हाताकडं बघतच नाहीयेत.

“या जरा,” अपेक्षा मॅडम म्हणाल्या.

चौथीचा वर्ग खेळाच्या तासाला गेला होता. तिसऱ्या रांगेतल्या एका बाकावर कर्कटकानं कोरलं होतं, ‘डबल हात’. अक्षर खोल होतं. बरेच दिवस लावून कोरलेलं.

“ही तेजस्विनीची जागा. सहावीत एक मुलगा आहे, त्यालाही म्हणतात. सातवीत दोघी आहेत. त्यांना तुम्ही तिसरीत रंगवलं होतं. चार वर्षं झाली, नाव तेच.”

“आमी तर इंद्रजीतला सांगतो. स्पंजापायी.”

“त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगता ना? मग रांगेतल्या सगळ्यांनाच जातं.”

सर्जेरावांनी बाकावर बोट फिरवलं. शाळा किती, वर्षं किती, हे ते मनात मोजायला लागले, आणि मग मोजायचे थांबले.

मुलं आली. शेवटी बायडाबाई आल्या आणि त्यांच्या हाताला धरून एक लहानखुरी मुलगी, डोळे सोडून सगळा चेहरा जांभळ्या स्कार्फमध्ये गुंडाळलेला. ती बाकावर बसली आणि तिनं दप्तर त्या कोरलेल्या अक्षरांवर ठेवलं. बसताना ते नेमकं तिथंच पडलं. तिला बघावंही लागलं नाही.

“हे तुमचे रंगवाले आजोबा,” अपेक्षा मॅडम म्हणाल्या. “त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय.”

सर्जेराव उभे राहिले. समोर पन्नास चेहरे. आणि झालं काय, की पन्नास चेहरे समोर आले की या माणसाच्या जिभेला पाय फुटायचे.

“मी,” ते म्हणाले, “येक लंबरचा थापाड्या मानूस हाय!”

वर्ग हसला. तिथंच घात झाला. हशा कानात गेला आणि सर्जेरावांना वाटलं, आता सगळं सोपं आहे. त्यांनी चंद्र खोटा असल्याचं सांगितलं, पण सांगताना पुन्हा एकदा शिडी लावली. हत्ती खोटा असल्याचं सांगितलं, पण माहुताची नक्कल केल्याशिवाय त्यांना राहवेना. डोळे पुसत ते टेबलाभोवती तीनदा फिरले. पोरं बाकं बडवायला लागली. अपेक्षा मॅडमनी घड्याळात पाहिलं. स्कार्फातले दोन डोळे मात्र तसेच.

तेजस्विनीनं हात वर केला. ती उभी राहिली तसं मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, “डबल हाऽऽत.” हेल अगदी सर्जेरावांचा होता. ‘हा’वर जरा लांबवायचं, ‘त’ टाकून द्यायचा. त्यांचीच हाळी कुणीतरी त्यांच्याच अंगावर टाकल्यासारखी आली.

“चंद्र खोटा?” तेजस्विनीनं विचारलं.

“खोटा, बाळ.”

“हत्ती?”

“खोटा.”

“फोटो?”

सर्जेरावांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. “फोटू खरा हाय. पन त्यात रंग लावल्याला हाय. दोन हात. खालनं काय गोरं निघालं न्हाय.”

“हे तुम्ही आता म्हणताय. मॅडमनी सांगायला लावलं म्हणून.”

“न्हाय गं, बाळ. शप्पत.”

“मग त्या फोटोतल्या आजी आता कशा आहेत? काळ्या आहेत?”

एवढंच विचारलं तिनं. होय म्हणायचं होतं, काम संपलं होतं. त्यासाठीच तर ते आले होते. पण पन्नास पोरं, अपेक्षा मॅडम, दारात बायडाबाई. आपल्या बायकोबद्दल ते एवढ्यांच्या समोर बोलायचं, म्हणून जीभ आपोआप वळली.

“म्हंजी... तशी गव्हाळ हाय,” सर्जेराव म्हणाले.

“गव्हाळ?” दारातून बायडाबाई म्हणाल्या. “आवो, म्या काल दिवसाउजेडी बघितलंय!”

वर्ग पुन्हा हसला. तेजस्विनी हसली नाही. तिनं अपेक्षा मॅडमकडं बघितलं. “बघा,” ती म्हणाली, “परत खोटं.” मग सर्जेरावांना म्हणाली, “मला दाखवा त्यांना.” आणि बसली.

कालपासून आनंदीबाई घरात सगळं करत होत्या, फक्त बोलत नव्हत्या. जेवायला वाढत होत्या, पाण्याचा तांब्या ठेवत होत्या. सर्जेरावांनी दुपारी पानावर बसून वर्गातलं सांगितलं, जमेल तेवढं गाळून.

“पोरीला तुला बघायचंय,” ते शेवटी म्हणाले.

“कशापायी?”

“तिला खरं वाटंना.”

“तुमी सांगितलंत ना? मग कशापायी वाटंना?” आनंदीबाईंनी भाकरी परतली. “काय सांगितलंत तिला, मी कशी हाय म्हनून?”

सर्जेराव आमटीकडं बघत राहिले.

“इचारते मी. काय सांगितलंत?”

“गव्हाळ.”

आनंदीबाई हसल्या. मोठ्यानं नाही, नाकातून एवढंसं. त्यापेक्षा हातातलं उलथनं फेकून मारलं असतं तर सर्जेरावांना बरं वाटलं असतं.

“बेचाळीस वर्सं झाली,” त्या म्हणाल्या. “अजून तोंडातनं निघंना व्हय?”

भाकरी फुगली, खाली बसली, एका बाजूनं करपली. आनंदीबाईंनी तीच त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

“येशील का?” त्यांनी हात धुताना विचारलं.

“जाईन. तुमच्यासंगं न्हाय.”

दुसऱ्या दिवशी आनंदीबाई बायडाबाईंबरोबर रिक्षानं आल्या. अंजिरी काठाची पांढरी साडी नेसल्या होत्या. पांढऱ्यावर त्या होत्या त्याहून जास्तच काळ्या दिसत होत्या, आणि ते त्यांना ठाऊक नसेल असं नव्हे. सर्जेराव आधीच येऊन शेवटच्या बाकावर बसले होते. गुडघे बाकात मावत नव्हते म्हणून एका बाजूला कलून, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

आनंदीबाई फळ्यापाशी गेल्याच नाहीत. तिसऱ्या रांगेत जाऊन तेजस्विनीच्या शेजारी बसल्या.

“बघायचं हुतं ना? बघ.”

तेजस्विनीनं बराच वेळ बघितलं. मग बोट पुढं केलं, त्यांच्या गालावर जोरात घासलं आणि बोटाकडं पाहिलं.

“निघत नाही,” ती म्हणाली.

“न्हाय निघायचा. माझाच हाय.”

“तुम्ही सात दिवस ठेवला होता?”

“येक दिवस सुदिक न्हाय. संध्याकाळी तांब्याभर पानी घिऊन मोरीत बसले आन् धुतला. खाज सुटली हुती नुसती.”

“मग लावलात कशाला?”

“मी कुठं लावला? लग्नाच्या दिशी सकाळी ह्ये आले डबा घिऊन. म्हनले, फोटू चांगला येतो. नव्या नवरीला कोन इचारतंय?” आनंदीबाई आता वर्गाकडं नाही, आपल्या हातांकडं बघून बोलत होत्या. “दोन हात लावला. कार्यालयात मला खुर्चीत बसिवलं. माझी आई आली. गावाकडनं निघायला उशीर झालाता, यष्टीत बसून बसून पाय सुजल्यालं. हातात माझ्यासाटी डाळिंबं. ती माझ्यासमोरनं गेली. फुडं जाऊन परत आली. परत गेली. मग येका बाईला इचारलं, आमची आनंदी कुठं हाय वो?”

शेवटच्या बाकावर सर्जेरावांनी मान खाली घातली. तीनदा गेली होती. ते आठवत होतं त्यांना. त्यांनी स्वतः बघितलं होतं, खुर्चीत शेजारीच तर बसले होते. आणि हसले होते. हत्तीची गोष्ट आपण कुठून आणली, हे त्यांना इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला नाही.

“मग?” कुणीतरी विचारलं.

“मग मी म्हनले, आई, मी हितं. आवाज वळखला तिनं. पन तोंडाकडं बघून जरा बिचकलीच.” आनंदीबाई थांबल्या. “फुडच्या वर्सी ती गेली. आमच्या दोघींचा फोटू त्योच. म्हंजी तिच्या संगं दुसरीच कुनीतरी हाय. वाळवीनं खाल्ला म्हनून कळलं तवा मला वाटलं, बरं झालं.”

बाहेर कुठल्यातरी तुकडीची कवायत चालली होती, शिट्टी ऐकू येत होती.

“दुखलं का तुला?” आनंदीबाईंनी विचारलं. “सुजलं तवा?”

स्कार्फ हलला, होकारार्थी.

“तोंड दाव मला.”

स्कार्फ नकारार्थी हलला.

“दाव की. उद्या बाजारात भेटलीस तर वळखू कशी मी? तुझ्यासमोरनं अशीच निघून जायची.”

तेजस्विनीनं मागं बघितलं, पुढं बघितलं. मग मानेमागची गाठ सोडायला लागली. घट्ट बसली होती. आनंदीबाईंनी नखानं ढिली करून दिली. आतून एक काळासावळा, गालांवर खपल्यांचे ठिपके असलेला, गोल चेहरा निघाला. आनंदीबाईंनी तो हनुवटीला धरून उजेडाकडं वळवला.

“हां,” त्या म्हणाल्या. “आता वळखीन.”

तास संपला तसं तेजस्विनीनं दप्तर उचलून खांद्याला लावलं आणि पाणी प्यायला बाहेर गेली. स्कार्फ बाकावरच राहिला. कोरलेली अक्षरं उघडी पडली होती. सर्जेराव त्या बाकापाशी येऊन उभे राहिले. “कानस मिळंल का एखादी? न्हायतर पालिश कागद?” त्यांनी अपेक्षा मॅडमना विचारलं. शिपायाकडं पॉलिश पेपर निघाला. मधल्या सुट्टीभर ते बाक घासत बसले. अक्षर फार खोल होतं. सगळं गेलं नाही.

तेवढ्यात हेमाबाई दारातून गेल्या. थांबून बघितलं. “राहू द्या,” त्या म्हणाल्या, आणि या खेपेला त्याला कसलीही धार नव्हती.

संध्याकाळी सर्जेरावांनी ट्रंक खिडकीपाशी ओढली. झाकण उघडलं. फोटो अठरा वर्षांत झाकणाला असा धरून बसला होता, की उचकटायला गेलं तर फाटणार. त्यांचा स्वतःचा चेहरा कोपऱ्यात जरा पिवळा पडला होता. नवरी मात्र पांढरीच. तिच्यामागं एक म्हातारी बाई उभी होती, हातात पिशवी, नजर नवरीकडं नव्हे, कॅमेऱ्याच्याही पलीकडं कुठंतरी, कुणाला तरी शोधत असल्यासारखी. पोरांना दाखवताना त्यांचं बोट नेमकं तिच्यावर असायचं.

त्यांनी बाटलीतून कापसावर खोबरेल तेल घेतलं. पोरांची तोंडं पुसतात तसं आधी नवरीचं कपाळ, मग नाकाच्या दोन्ही बाजू, मग गाल; तो चेहरा बोटभरही नव्हता तरी अगदी हलक्या, गोल हातानं. तेल पसरलं. फोटोची चकाकी गेली. कापूस उलटून बघितला, कोरा होता. दुसरा घेतला.

आनंदीबाई मधल्या दारात येऊन केव्हाच्या उभ्या होत्या.

“निघतोय का?” त्यांनी विचारलं.

“न्हाय,” सर्जेराव म्हणाले.

“मग ऱ्हाऊ द्या. च्या निवतोय.”